कन्सोलवरच्या ऑनलाइन जगात पहिलं पाऊल टाकताना

आजवर कन्सोलवर तुम्ही बहुधा एकट्याने खेळला असाल. गोष्ट सुरू झाली, शत्रू हरले, शेवटची नामावली आली, संपलं. मी ज्या जगांबद्दल लिहिते आहे तिथे हार-जितीला फारसं महत्त्व नसतं. तिथे चौक असतो, बसायला बाकं असतात, कुणीतरी हौसेने सजवलेलं घर असतं, आणि समोरून येणाऱ्या अवतारामागे, म्हणजे खेळाडूच्या पडद्यावरच्या बाहुलीमागे, कुठल्यातरी खोलीत कंट्रोलर धरून बसलेला खरा माणूस असतो. नवखा माणूस गांगरतो तो इथेच. बटणं दोन दिवसांत हातात बसतात. अनोळखी लोकांच्या घोळक्यात शिरायचं कसं, हे मात्र खेळाच्या सुरुवातीच्या धड्यांत कुणी शिकवत नाही. या लेखातला बराचसा भाग त्यासाठीच आहे.

कल्पना तशी जुनी. २०००च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये सेगाच्या ड्रीमकास्टवर 'फँटसी स्टार ऑनलाइन' आला, तेव्हा लोक मोडेम लावून टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना भेटत. त्यात 'वर्ड सिलेक्ट' नावाची फार सुंदर सोय होती. तुम्ही तयार शब्द निवडून वाक्य जोडायचं आणि समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसायचं. मग ११ डिसेंबर २००८ला प्लेस्टेशन ३वर 'प्लेस्टेशन होम' सगळ्यांसाठी खुलं झालं: प्रत्येकाला राहायला एक जागा, बाहेर मोठा चौक, बोलिंग, चित्रपटगृह, आणि चौकात नाचत उभी असलेली माणसं. ३१ मार्च २०१५ला ते बंद झालं. त्या बंद होण्याकडे शेवटी परत येऊ, कारण त्याचा तुमच्या पैशांशी आणि मैत्रीशी थेट संबंध आहे.

आधी जग निवडा

'सगळ्यात चांगलं जग कुठलं?' हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुम्हाला लोकांशी किती बोलायचं आहे, हे आधी ठरवा. निवड त्यावरून आपोआप होते.

अनोळखी माणसाशी बोलायचं दडपण येत असेल, तर मी डोळे मिटून 'स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट' सुचवते. निन्टेन्डो स्विचवर ते २०२१पासून आहे, प्लेस्टेशनवर डिसेंबर २०२२पासून, आणि आत जायला पैसे लागत नाहीत. तिथे दुसरे खेळाडू सुरुवातीला करड्या सावल्यांसारखे दिसतात. चेहरा नाही, नाव नाही. अशी एखादी सावली जवळ येते, थांबते आणि मेणबत्ती पुढे करते. तुम्ही आपली मेणबत्ती काढून ज्योतीला ज्योत लावली की ती सावली उजळते: केस दिसतात, मुखवटा दिसतो, अंगावरच्या झग्याचा रंग दिसतो. मग मैत्री केली तर त्या मित्राला नाव तुम्हीच द्यायचं, आणि ते फक्त तुम्हालाच दिसतं. त्याने हात पुढे केला आणि तुम्ही धरला, की तो उडतो आणि तुम्ही त्याच्यामागे अलगद ओढले जाता. तुम्हाला वाट माहीत नसली तरी चालते. लिहून बोलण्याची सोय त्याच्या पुढची पायरी, तीही मेणबत्त्या खर्चून उघडायची. म्हणजे ओळख आधी, गप्पा नंतर. माणसांची रीत ओळखून बांधलेलं दुसरं असं जग मी पाहिलेलं नाही.

ओळखीच्या माणसांबरोबरच वेळ घालवायचा असेल, तर स्विचवरचं 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' घ्या. तुमचं एक बेट असतं. विमानतळावर ऑर्व्हिल नावाचा डोडो पक्षी बसलेला असतो. त्याला सांगून दार उघडायचं आणि पाच अक्षरांचा डोडो कोड मित्रांना द्यायचा. एका वेळी बेटावर जास्तीत जास्त आठ जण. पाहुणचाराचे नियमही यंत्रातच आहेत: तुम्ही ज्याला 'बेस्ट फ्रेंड' केलेलं नाही, त्याला तुमच्या बेटावर फावडं आणि कुऱ्हाड चालवता येत नाही. तुम्ही पाहुणे असाल तेव्हा फुलांमधून धावू नका, पाकळ्या गळतात. आणि सारखं ये-जा करू नका. तिथे कुणी आलं वा गेलं की बेटावरच्या सगळ्यांचा खेळ थांबतो आणि विमानाची पाटी बघत बसावं लागतं. आल्यासारखं निवांत बसा, निघताना विमानतळावरूनच निघा. मधेच यंत्र बंद करून पळ काढलात तर यजमानाचं आणि बाकी पाहुण्यांचं त्या भेटीतलं काम पुसलं जाऊ शकतं.

मोठ्या, गजबजलेल्या शहरात राहायची इच्छा असेल तर 'फायनल फँटसी १४'. ते प्लेस्टेशनवर आहे आणि मार्च २०२४पासून एक्सबॉक्सवरही. गोष्ट लांबलचक आहे, लढाया आहेत, पण कित्येक लोक संध्याकाळी नुसते चौकात गप्पा मारायला, वाद्यं वाजवायला, एकमेकांची घरं बघायला येतात. फुकट चाचणीत ७०व्या पातळीपर्यंत खेळता येतं आणि दिवसांची मुदत नाही. चाचणीत बोलण्यावर काही बंधनं असतात, ती चालवून घ्या. नव्या खेळाडूच्या नावाशेजारी कोवळ्या रोपाचं चिन्ह दिसतं. ते लपवू नका. ते पाहून लोक थांबतात, वाट दाखवतात, लढाईत चुकलात तर सांभाळून घेतात. अनुभवी मार्गदर्शकांच्या नावाशेजारी मुकुट असतो. अडलात तर त्यांना खुशाल विचारा.

फोर्टनाइट, रोब्लॉक्स आणि माइनक्राफ्ट यांची नावं तुम्ही ऐकलेलीच असतील. फोर्टनाइटमध्ये २०१९च्या फेब्रुवारीत मार्शमेलो या डीजेचा आणि एप्रिल २०२०मध्ये ट्रॅव्हिस स्कॉट या रॅपरचा गाण्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा लाखो लोक बंदुका बाजूला ठेवून एकत्र नाचले. रोब्लॉक्स प्लेस्टेशनवर ऑक्टोबर २०२३मध्ये आलं. ते एक जग नाही, लोकांनी बनवलेल्या असंख्य जगांचा बाजार आहे, त्यामुळे कुणाच्या तरी शिफारशीशिवाय आत शिरलात तर हरवायला होतं. माइनक्राफ्टमध्ये अनोळखी सर्व्हरपेक्षा मित्राच्या जगात जाणं नवख्याला केव्हाही बरं.

घरून निघण्याआधीची तयारी

नाव विचारपूर्वक घ्या. ते लोकांच्या डोक्यावर तरंगणार आहे, लोक तुम्हाला त्याच नावाने हाक मारणार आहेत. उच्चारता येईल असं, छोटं, आणि ज्यात खरं आडनाव, जन्मसाल किंवा शाळेचं नाव नाही असं. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हीकडे पहिला बदल फुकट असतो, पुढच्या बदलांना पैसे पडतात.

अकाउंटला दोन टप्प्यांची पडताळणी लगेच लावा. पासवर्ड चोरीला गेला तरी फोनवरच्या कोडशिवाय कुणी आत येऊ शकत नाही. फोर्टनाइट तर ती लावल्याबद्दल एक नाच बक्षीस देतं.

सदस्यत्वाबद्दल लोकांचा फार गोंधळ होतो. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर फोर्टनाइट, रोब्लॉक्ससारख्या फुकट खेळांना ऑनलाइन जायला वेगळं सदस्यत्व लागत नाही. एक्सबॉक्सने ही अट एप्रिल २०२१मध्ये काढली. स्विचवर मात्र 'ॲनिमल क्रॉसिंग'मध्ये इंटरनेटवरून दुसऱ्याच्या बेटावर जायचं तर निन्टेन्डो स्विच ऑनलाइन घ्यावंच लागतं. म्हणून पैसे भरण्याआधी त्या खेळाचं दुकानातलं पान नीट वाचा.

मग नेटवर्कची चाचणी. तिन्ही कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये ती आहे, आणि निकालात 'नॅट' नावाची ओळ दिसते. दुसऱ्यांची यंत्रं तुमच्या कन्सोलशी किती सहज जोडली जातात, ते ती सांगते. प्लेस्टेशनवर टाइप १ किंवा २, एक्सबॉक्सवर 'ओपन', निन्टेन्डोवर ए किंवा बी आलं की निश्चिंत राहा. टाइप ३, 'स्ट्रिक्ट' किंवा डी आलं, तर मित्र दिसतो पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, किंवा त्याचा आवाजच येत नाही, असले प्रकार होतात. बहुतेक वेळा राउटरमधली 'यूपीएनपी' ही कन्सोलला वाट आपोआप मोकळी करून देणारी सोय चालू करून राउटर आणि कन्सोल दोन्ही बंद-चालू केल्यावर हे सुटतं. जमलं तर वायफायऐवजी केबल लावा.

माइकचा धडा

हा भाग घाईने वाचू नका.

प्लेस्टेशन ५च्या कंट्रोलरमध्येच माइक असतो. हेडसेट लावला नाही म्हणजे आपला आवाज जात नाही, असं नव्या माणसाला वाटतं. माझ्या ओळखीतले एक काका पहिल्या संध्याकाळी चौकात उभे होते आणि घरात जेवणावरून चाललेला वाद अख्ख्या चौकाला ऐकू जात होता. कुणी हसलं नाही. एक अवतार त्यांच्यासमोर येऊन उड्या मारायला लागला, मग त्याने लिहिलं, 'तुमचा माइक चालू आहे'. त्या अनोळखी माणसाचा भलेपणा काका अजून सांगतात. कंट्रोलरवर मधोमध, पीएस बटणाच्या खाली एक बारीक बटण आहे. ते दाबलं आणि नारिंगी दिवा लागला की माइक बंद. लॉगिन करतानाच तो बंद राहावा अशी सेटिंग आवाजाच्या विभागात आहे. ती आजच लावून टाका.

बोलायचं ठरलं की तारेचा साधा हेडसेट घ्या, कंट्रोलरमध्ये लावा, काम झालं. फोनचे ब्लूटूथ हेडफोन प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सला थेट जोडले जात नाहीत. पहिल्या स्विचला ऐकण्यापुरते जोडले जातात, पण त्यातला माइक चालत नाही. टीव्हीच्या स्पीकरवर खेळ आणि कंट्रोलरचा माइक चालू, हे तर कधीच करू नका. समोरच्याला त्याचाच आवाज घुमून परत ऐकू येतो आणि तो दोन मिनिटांत तुम्हाला म्यूट करतो.

लिहून बोलणार असाल तर यूएसबी कीबोर्ड जोडा. माझ्या मते नवख्याने घ्यावी अशी सर्वांत उपयोगी वस्तू हीच. पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत 'मलाही ते गाणं आवडतं' लिहीपर्यंत मंडळी गाण्यावरून मांजरांवर पोचलेली असतात. साधा कीबोर्ड लावला की तुम्ही बोलण्याच्या ओघात राहता.

अवतार

यावर पहिल्या दिवशी दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. सगळीकडे तो नंतर थोडाफार बदलता येतो, आणि चार लोकांत वावरल्याशिवाय आपल्याला काय शोभतं ते कळतही नाही. फुकट मिळणाऱ्या कपड्यांवर कुणी नाक मुरडत नाही.

पहिली संध्याकाळ

पहिल्या संध्याकाळी काहीही साध्य करायचं नाही, असं ठरवून आत जा. चौकाच्या कडेला, भिंतीजवळ किंवा झाडाखाली उभे राहा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. कोण स्थिर उभं आहे? बऱ्याचदा तो अवतार तिथे असतो आणि माणूस चहा करायला उठून गेलेला असतो. लोक याला 'एएफके' म्हणतात. अशाला चार वेळा हाक मारूनही उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. कोण घोळका करून उभे आहेत? कोण एकटं फिरतंय आणि मधूनमधून थांबतंय? ते एकटं फिरणारं बहुधा तुमच्यासारखंच नवं असतं.

मग इमोटची, म्हणजे अवताराच्या हावभावांची, यादी उघडा आणि हात हलवायचं बटण कुठे आहे ते शोधून ठेवा. हात हलवणं हा या जगांतला नमस्कार. एकाने हात हलवला की दुसरा हलवतो, जवळपास सगळीकडे. उत्तर आलं तर दोन पावलं पुढे या. नाही आलं तर सोडून द्या, पाठीमागे लागू नका. कुणाच्याही अवताराच्या अंगात शिरून उभे राहू नका. पडद्यावर बाहुल्या एकमेकांत मिसळू शकतात म्हणून माणसाला ते आवडतं असं नाही. हातभर अंतर ठेवा.

घोळक्यात शिरायची रीत अशी: थोडं बाजूला उभे राहा, एकदा हात हलवा, आणि विषय काय चाललाय तो वाचा किंवा ऐका. दोन-तीन मिनिटांनी त्याच विषयावर एक वाक्य बोला. 'तुम्ही कुठले, वय किती, मुलगा की मुलगी' या प्रश्नांनी सुरुवात केलीत तर लोक सावध होतात आणि त्यांचं बरोबरच असतं. त्यापेक्षा 'ही टोपी कुठे मिळते?' हा प्रश्न शंभर टक्के चालतो. ज्याने ती टोपी मिळवायला तीन संध्याकाळी घालवल्या त्याला तुम्ही त्याची गोष्ट सांगायची संधी देता, आणि बऱ्याचदा तो तुम्हाला ती टोपी मिळते तिथे घेऊनच जातो.

निघताना सांगून निघा. 'चला, निघतो, मजा आली.' एवढं लिहायला पाच सेकंद लागतात. न सांगता दिसेनासा झालेला माणूस कनेक्शन तुटून गेला की रागावून गेला, हे मागे राहिलेल्यांना कळत नाही.

मैत्री, आणि नको असलेली माणसं

फ्रेंड रिक्वेस्ट पहिल्या भेटीत पाठवू नका, दुसऱ्या भेटीत पाठवा. तोच माणूस त्याच चौकात दुसऱ्यांदा भेटला की ओळख आपोआप पक्की झालेली असते. म्हणूनच मी सांगेन की आठवड्यातले एक-दोन दिवस ठरवून त्याच वेळी, त्याच जागी जा. ओळखी व्हायला याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

कुणी त्रास दिला तर वाद घालू नका. आधी म्यूट, मग ब्लॉक, आणि शिवीगाळ, धमकी किंवा मुलांशी लगट असेल तर रिपोर्ट. कन्सोलवर ही सोय बरीच सुधारली आहे: प्लेस्टेशन ५वर आवाजी गप्पांचा ४० सेकंदांपर्यंतचा तुकडा तक्रारीला जोडता येतो, एक्सबॉक्सवर ६० सेकंदांपर्यंतचा. प्रसंग ताजा असतानाच तो जोडायचा असतो, म्हणून 'उद्या बघू' म्हणू नका. आणि जो माणूस लवकरच 'इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू' असं म्हणतो, फुकट भेटवस्तूंची लिंक देतो किंवा पासवर्ड मागतो, त्याला कारण न देता ब्लॉक करा.

घरातल्या मुलांसाठी वेगळं, बालकांचं अकाउंट काढा, स्वतःचं वापरू देऊ नका. खरं वय घालून काढलेल्या अकाउंटवर अनोळखींशी गप्पा, खरेदी आणि वेळ यांची लगाम तुमच्या हातात राहते. प्लेस्टेशनवर कौटुंबिक व्यवस्थापन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोची पालकांसाठीची फोन ॲप्स, सगळी फुकट आहेत. पण पहिले चार-सहा दिवस मुलाच्या शेजारी बसा. त्याला तिथे कोण भेटतंय हे त्याच्याच तोंडून ऐका. आपल्याला सांगितलं तर खेळ बंद होणार नाही, एवढा विश्वास त्याला वाटायला हवा. हे ॲपला जमत नाही.

पैसे

पहिला महिना काहीच विकत घेऊ नका. रोब्लॉक्सचे रोबक्स, फोर्टनाइटचे व्ही-बक्स अशा तिथल्या नाण्यांत किंमत लिहिलेली असते, त्यामुळे खऱ्या पैशांचा अंदाज सुटतो. फोर्टनाइटची कंपनी एपिक गेम्सने डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ५२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यातले २४.५ कोटी ग्राहकांच्या परताव्यासाठी होते, कारण बटणांच्या मांडणीमुळे लोकांकडून नकळत खरेदी होत होती, असं आयोगाचं म्हणणं होतं. तेव्हा कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड मागण्याची अट लावा.

जागा आणि घरं यांची घाई तर मुळीच नको. 'फायनल फँटसी १४'मध्ये घर घेतलं आणि ४५ दिवस त्यात पाऊल टाकलं नाही, तर ते पाडलं जातं.

जग बंद होतं तेव्हा

'प्लेस्टेशन होम'मध्ये लोकांनी खरे पैसे देऊन घेतलेलं फर्निचर, कपडे, समुद्राकाठची घरं ३१ मार्च २०१५ला सर्व्हरबरोबर गेली. असं कुठल्याही ऑनलाइन जगाचं होऊ शकतं. म्हणून तिथे खर्च करायचा तो आजच्या संध्याकाळच्या आनंदासाठी करा, साठवण म्हणून नको.

माणसांचं तसं होऊ द्यायचं नसेल तर थोडी तजवीज करावी लागते. काही महिन्यांची, पारखलेली मैत्री झाली की कन्सोलच्या मित्रयादीतही एकमेकांना घ्या, म्हणजे तो खेळ बंद पडला तरी यादी राहते. आणि फोटो काढा. प्लेस्टेशन ५वर 'क्रिएट' बटण, एक्सबॉक्सवर मधलं 'शेअर' बटण, स्विचवर डाव्या हाताचं चौकोनी बटण. नुसती दृश्यं टिपू नका. बाकावर बसलेली मंडळी टिपा, डोक्यावरची नावं दिसतील अशी. महिन्यातून एकदा ते फोटो कन्सोलमधून बाहेर काढून यूएसबी ड्राइव्हवर किंवा फोनवर उतरवा आणि फाइलच्या नावात तारीख आणि कोण कोण आहे ते लिहा. अवतार कपडे बदलतात, नावं बदलतात. पाच वर्षांनी ती निळी टोपी घातलेली व्यक्ती कोण होती हे त्या फाइलच्या नावावरूनच कळेल.